हिरवीचं विरजण

पानमळ्यात चप्पल घालून जायचं नसतं. आमच्या गावात हे रांगणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नाही. मळ्याच्या तोंडाशी पायताणांचा ढीग पडलेला असतो, आणि सरपंच असो की सोयरा, सगळे अनवाणीच आत शिरतात. म्हातारी माणसं म्हणतात, मळा पवित्र असतो. मी म्हणते, बाहेरच्या चिखलातून मूळकूज येते. कारण कुठलंही असो, पाय मोकळे हवेत. आणि त्या दिवशी तालुक्याचे रोगनियंत्रण अधिकारी हेरवाडे साहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून माझ्या मळ्यात घुसले.

"साहेब, बूट," मी म्हटलं.

"निर्जंतुक आहेत, मॅडम," म्हणाले, आणि वेली चढवलेल्या शेवरीच्या झाडांच्या ओळींमधून सरळ बांधापाशी जाऊन उभे राहिले.

माझं डोकं तिथूनच फिरलं होतं हे आधी सांगून टाकते. पुढचं सगळं त्या फिरलेल्या डोक्यानं सांगितलेलं आहे.

बांधाच्या अलीकडे माझा मळा, पलीकडे अक्कांचा. अक्का म्हणजे पद्मावती मगदूम, माझी थोरली जाऊ. भाऊजी वारल्यावर सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली, वीस-वीस गुंठे वाट्याला आले आणि एका मळ्याचे दोन झाले. भांडण काही नव्हतं. तरी बांध घातला की बांधच असतो. त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीच्या पट्ट्यात वेलींनी माना टाकल्या होत्या. पानं पिवळी, बुडखा काळा, जरा ओढलं की मुळाची साल हातात. मूळकूज. आणि बांधावर रोवलेली कानखुंटी तांबडा दिवा मिचकावत होती.

कानखुंटी कळायची तर आधी हिरवी कळायला हवी. मूळकूज हा मातीतला रोग. बुरशीसारखाच एक जीव पाण्याबरोबर सरकत येतो आणि वेलीची मुळं कुजवतो. त्याला खाणारी एक चांगली बुरशी आहे, ट्रायकोडर्मा. ती रोगाच्या धाग्यांना वेटोळं घालते आणि त्यांना पचवून टाकते. आपल्या आजोबांच्या वेळेपासून लोक ती शेणखतात कालवून घालत आले आहेत. पण ती टिकायची नाही, दोन-चार महिन्यांत विरून जायची. आठ वर्षांपूर्वी विद्यापीठानं तिचं एक टिकाऊ वाण काढलं. हे वाण मरत नाही, पसरतं. एका मळ्यातले धागे शेजारच्या मळ्यातल्या धाग्यांना भेटले की एकमेकांत मिसळून जातात आणि गावाखाली एकच जाळं तयार होतं. एका कोपऱ्यात रोग शिरला की धाग्यांमधून विजेचा बारीकसा झटका धावतो आणि अख्खं जाळं सावध होतं. हे झटके ऐकणारी खुंटी ती कानखुंटी. हिरवा दिवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे घात. वाणाचं सरकारी नाव लांबलचक आहे. त्याचं पीठ हिरवंगार असतं म्हणून गाव त्याला हिरवी म्हणतं.

आता तिची खोड. हिरवी फक्त आपल्या सख्ख्या धाग्यांशी मिसळते. परक्याशी गाठ पडली की दोन्हीकडच्या पेशी जागच्या जागी मरतात आणि मधे एक मेलेली रेघ उरते. त्या रेघेत राखण करायला कुणी नसतं, मूळकुजीला दार उघडंच. आणि परकी व्हायला तिला दुसऱ्या देशातून यावं लागत नाही. एकाच डब्यातली हिरवी दोन घरांत वेगवेगळी वाढवली, की दरवर्षी थोडी थोडी बदलत जाते. सात-आठ वर्षांत एक दिवस असा येतो, की दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

म्हणून नियम असा: दर पाडव्याला केंद्रातून ताजी हिरवी न्यायची, आणि गेल्या वर्षीची उरलेली उकळतं पाणी ओतून मारायची. गावातलं ते केंद्र मी चालवते. सूक्ष्मजीवशास्त्राची जुनी पदवी होती, ती इथे कामाला आली. नियमाचा कागद मीच लिहिला, आणि देवळापासून दूध डेअरीपर्यंत मीच चिकटवला.

"परकी बुरशी पलीकडून येतेय," हेरवाडे साहेब हातातल्या पडद्याकडे बघत म्हणाले. वेलीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. "त्या मळ्याभोवती चर मारा. महिन्याभरात. नाहीतर पूर्ण गाव हिरवीच्या सरकारी योजनेतून बाहेर."

चर म्हणजे हातभर खोल खणून त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचं विष, भरायचं. तांब्यातून कुठलीच बुरशी पलीकडे जात नाही. पण आत अडकलेला मळा जाळ्यातून तुटतो, आणि एकटा पडलेला मळा एका हंगामात कुजून संपतो. अक्कांना त्या वीस गुंठ्यांशिवाय दुसरं काही नाही. साठीची बाई, पहाटे पानं खुडायला बसते म्हणून दिवस ढकलतोय.

"सही कुणाची?" मी विचारलं.

"केंद्रप्रमुखांची. म्हणजे तुमचीच," साहेब म्हणाले, आणि बूट वाजवत निघून गेले.

मी तशीच बांध ओलांडून अक्कांच्या घरी गेले. त्या सोप्यात बसून पानांची चवड लावत होत्या.

"अक्का, खरं सांगा. पाडव्याला नेलेली हिरवी तुम्ही घातली का?"

"घातली की. परसातल्या नारळाला."

"नारळाला? आणि मळ्यात?"

"मळ्यात माजी हाय ती."

"तुमची कुठली?"

त्यांनी हनुवटीनं फडताळाकडे दाखवलं. तिथे लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. मी फडकं सोडलं. आत मळ्यातली माती, जुनी पानं, वर गुळाच्या पाण्याचा वास, आणि सगळ्यावर मखमलीसारखी पसरलेली हिरवी. मी कपाळाला हात लावला.

"किती वर्षं झाली हिला?"

"तू पयल्यांदा आणून दिलीस न्हाई का? तवापास्नं. विरजणासारखी ठेवलीया. थोडी काढायची, थोडी ठिवायची."

"अहो, पण दरवर्षी जुनी मारायची असं कागदावर लिहिलंय! मोठ्या अक्षरांत लिहिलंय!"

"वाचलंय मी." अक्कांनी हातातली चवड खाली ठेवली. "तूच म्हणालीस ना, हिच्यात जीव हाय म्हणून? मातीला कान लावून ऐकतीया, सांगावा धाडतीया म्हणालीस. आन् वर म्हणतीस, उकळतं पाणी वत. माज्याच्यानं न्हाई व्हायचं ते, त्रिशला. आपल्या जैनांत कांदा खात न्हाईत, आन् मी बरणीभर जीव उकळू?"

"आणि मळ्यावर बुरशीनाशक बोर्डो फवारता तेव्हा? तेव्हा कुठे जातो जीव?"

"ती चूक हाय. त्याची क्षमा मागती मी वरसाला. म्हनून काय आनि एक चूक करू?"

"हिरवी मूळकुजीला खाते, ते चालतं?"

"ते तिचं ती बघंल. मी न्हाई खात."

या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान पुढे चहा तरी ठेवत नाही. अक्कांनी चहा ठेवला. मी तो प्याले, कारण त्यांच्या घरी चहा नाकारायची मला सवय नाही. मी पदवीच्या वर्गाला मिरजेला जायचे तेव्हा माझी लेक सन्मती याच सोप्यात याच बाईच्या मांडीवर वाढली. वेल खुडायची कशी, नखानं देठ कसा मोडायचा, हेही मला हिनंच शिकवलं. आणि आता हिच्या मळ्याला मी विषाचा चर मारायचा.

चराचं सांगितलं तेव्हा अक्कांनी चवड पुन्हा मांडीवर घेतली. एकेका पानाचा देठ सारखा करू लागल्या.

"म्हंजी बरणी उकळली तर मळा वाचतोय?"

"हो. जुनी संपवायची, केंद्रातली घालायची. एवढंच."

"आन् न्हाई उकळली तर मळा जातोय."

"हो."

"मग जाऊ दे मळा," त्या म्हणाल्या.

मी तिथून उठून आले. घरी येऊन धनपालांना, म्हणजे माझ्या यजमानांना, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी म्हणते त्यातही तथ्य आहे. तू म्हणतेस त्यातही आहे." सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं एकदाही चुकीची बाजू घेतलेली नाही, कारण बाजूच घेतलेली नाही.

रात्रीत मन बदलेल म्हणून दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. अक्का माझ्याशी मळ्यावर बोलल्या, सन्मतीच्या नोकरीवर बोलल्या, गुडघ्यावर बोलल्या. बरणीचं नाव काढलं की देठ मोडायला लागायच्या. एकदा तर मनात आलं, त्या देवळात गेल्या की आपणच जाऊन किटली ओतून यावी. फडताळापर्यंत गेलेही. बरणीला हात लावला आणि मागे फिरले. चोरी करायचं धाडस नव्हतं म्हणा, किंवा अक्कांनी नंतर माझ्याकडे कसं बघितलं असतं ते डोळ्यांसमोर आलं म्हणा.

चर मारण्याआधी एक सोपस्कार असतो. दोषी मळ्याच्या चारी बाजूंच्या मळ्यांतली माती आणायची, तिच्यातली हिरवी काढायची आणि काचेच्या बशीत दोषी हिरवीसमोर वाढवायची. मधे मेलेली रेघ उमटली की दोष पक्का. हे सगळे करत नाहीत. हेरवाडे साहेब म्हणालेही, "मॅडम, खुंटीनं सांगितलंय ना? नमुने कशाला?" पण अक्कांच्या मळ्यावर सही करायची तर मला चारी रेघा डोळ्यांनी बघायच्या होत्या.

चार बशा मांडल्या. प्रत्येकीत एका कडेला अक्कांची हिरवी, दुसऱ्या कडेला शेजाऱ्याची. चार दिवस उबेच्या पेटीत ठेवल्या.

पाचव्या दिवशी सकाळी पेटी उघडली. उत्तरेच्या मळ्याची बशी, चौगुल्यांची: रेघ नाही. दोन्हीकडचे धागे मधे येऊन एकमेकांत मिसळून गेलेले. दक्षिणेची: रेघ नाही. पूर्वेची, मुल्लांची: रेघ नाही. मी चष्मा पुसला. पश्चिमेची बशी उचलली. तिच्यात बरोबर मधोमध, पट्टीनं आखल्यासारखी, पिवळट मेलेली रेघ.

अक्कांच्या पश्चिमेला माझा मळा आहे.

मी पेटी बंद केली. मग पिशव्या घेतल्या आणि गावातल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट मळ्यांची माती गोळा केली. प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी चप्पल काढायची, आत जायचं, बाहेर येऊन चप्पल घालायची. तीन दिवस पायांना दुसरा उद्योग नव्हता. बशा ठेवायला केंद्रात जागा पुरेना, तेव्हा धनपालांनी आपल्या कपाटातले कपडे काढून दिले. एवढी एक बाजू मात्र त्यांनी घेतली.

निकाल असा: एक्कावन्न मळे अक्कांच्या हिरवीचे. बारा मळे केंद्राच्या हिरवीचे. आणि कानखुंट्या गावात बाराच. त्या कुठे बसवल्या? केंद्राच्या समितीवरच्या अकरा सदस्यांच्या मळ्यात आणि बारावी माझ्या बांधावर. म्हणजे आठ वर्षं आम्ही बारा जण एकमेकांकडे बघून हिरवे दिवे मोजत होतो आणि गाव ठीक आहे असं तालुक्याला कळवत होतो. दोन्ही हिरव्या गेल्या वर्षापर्यंत कशाबशा जमवून घेत होत्या. यंदा त्यांची ओळख तुटली, आणि तुटली ती आमच्याच बारा मळ्यांच्या कडांना. परकी अक्कांची नव्हती. परकी माझी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी आठ वर्षं घातला.

चौगुल्यांच्या सुनंदाला गाठलं. ती मळ्यात पानं खुडत होती.

"सुनंदा, केंद्राचं पाकीट तू काय करतेस?"

"नारळाला घालती," ती म्हणाली. "झ्याक आलाय नारळ."

"अगं पण का? का?"

"का म्हंजी? तुज्या केंद्रात अंगठा लाव, फोटू काढ, मळ्याचा नकाशा दाव, मोबाइलवर आकडा यील तो सांग. आकडा येतोय तवर दुपार हुतीया. अक्का वाटीत देत्यात. विरजनाला कोन न्हाई म्हनत्यात व्हय? पाडवा झाला की समद्या बायका जातो. वाटी घिऊन जायाचं, वाटी भरून यायचं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू रागावशील म्हनून अक्कांनीच सांगू नका म्हटलं," सुनंदा म्हणाली. "आन् रागावलीसच की."

आता एकच भीती होती. नियम काही मी उगाच लिहिला नव्हता. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं गोडधोड खाऊन वाढवलेली बुरशी आळशी होते, रोगाला खायचं विसरते. अक्कांची तशी झाली असती तर एक्कावन्न मळे केवळ नशिबानं उभे होते. मी तिला मूळकुजीसमोर ठेवलं. सहा दिवसांत तिनं बशी साफ केली. केंद्राच्या हिरवीला आठ लागले. मग लक्षात आलं: अक्का गूळ बोटभरच घालतात, बाकी सगळी मळ्यातली माती आणि कुजकी पानं. दरवर्षी त्या मातीत शत्रू असतोच. बरणीतल्या बुरशीला कामाशिवाय खायलाच मिळत नव्हतं.

हेरवाडे साहेबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आता एक्कावन्न मळ्यांना चर मारावा लागेल."

"साहेब," मी म्हटलं, "बारा मळ्यांची हिरवी बदलायची आहे. बारा. माझा धरून."

"पण प्रमाणित वाण तर तुमचं आहे."

"प्रमाणित आहे, पण तिला गाव ओळखत नाही."

"असा रकाना नाही अर्जात," ते म्हणाले.

"मग काढा!" मी ओरडले. फोनवर मोठ्या माणसाशी असं ओरडू नये. पण बुटांचंही बाकी होतं. बशांचे फोटो विद्यापीठात थेट पाठवले, तिथल्या बाईंनी दोन दिवसांत लेखी परवानगी दिली आणि साहेबांना रकाना सापडला. अट एकच होती: केंद्रातली जुनी मूळ हिरवी पूर्ण नष्ट करायची, म्हणजे पुन्हा दोन वाणं गावात राहायला नकोत.

वाटी घेऊन अक्कांकडे गेले. रिकामी वाटी नेऊ नये म्हणून तिच्यात चार बत्तासे ठेवले. दारात वाटी पुढे धरून उभी राहिले. मी, जिनं गावभर कागद चिकटवले.

"अक्का, विरजण द्या."

आता टोमणा येणार, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. आला असता तर बरं झालं असतं. अक्कांनी बत्तासे काढून घेतले, वाटी गच्च भरली आणि वर थोडी जास्तच दाबली. "बांदाकडंला जरा जास्त घाल," एवढंच म्हणाल्या. मला आठ वर्षांचा राग होता, तो कुणावर काढायचा हेच कळेना.

उरलं केंद्र. माझी मूळ हिरवी काचेच्या मोठ्या बरणीत होती. आठ वर्षं तिचा अंश अंश जपला होता. उन्हाळ्यात वीज गेली की ओलं फडकं गुंडाळून उशाशी घेतली होती. दुपारी पातेलंभर पाणी गॅसवर ठेवलं. आजवर लोकांची उरलेली शेकडो पाकिटं उकळली होती, कधी काही वाटलं नव्हतं. पाण्याला आधण आलं, आणि मी पातेल्याचे कान धरायला फडकं शोधत राहिले. फडकं समोरच होतं.

दारात अक्का. अनवाणी. केंद्र म्हणजेही मळाच समजतात की काय, कोण जाणे.

"काय करायलीस?"

"नियम आहे, अक्का. गाव एकाच हिरवीवर राहायचं तर दुसरी संपवावी लागते. तुमचीच राहिली ना? झालं ना तुमच्या मनासारखं?"

"दे हिकडं ती."

"नाही! अहो, पुन्हा तेच होईल! दोन घरांत दोन राहिल्या की परक्या होतात, शंभरदा सांगितलं!"

"मळ्यात न्हाई नेत. गावाबाहीर माळावरच्या आपल्या जुन्या घरात ठिवती, दगडावर. मातीला लागू देत न्हाई." त्यांनी बरणीला दोन्ही हात घातले. मीही सोडली नाही. दोघी ती बरणी धरून उभ्या राहिलो, पन्नाशीची मी आणि साठीच्या त्या.

"कागदावर नष्ट केली असं लिहायचंय मला," मी म्हटलं. रागानं रडू येत होतं.

"त्रिशला, वाटनी झाली तवा आपुन बी येगळ्या झालो," अक्का म्हणाल्या. "बांद घातला, चूल येगळी केली. मग कुनी कुनाला उकाळलं का?"

मी बरणी सोडली. अक्कांनी ती पदराखाली घेतली, आणि दारातून वळून म्हणाल्या, "पंधरा दिसांनी यिऊन बघून जा. तुज्या हातची सवय हाय तिला."

पाणी खळखळत होतं. मी गॅस बंद केला.